डकच्या बिल्जमध्ये परत परत पाणी येतंय? आधी पंप बंद करा

दुसऱ्या महायुद्धातला जीएमसीचा डक, म्हणजे तो सहाचाकी ट्रक जो पाण्यात शिरला की बोट होतो. मरमर मरून तो रिस्टोअर केला, इंजिन पहिल्या स्टार्टला उठतंय, रंग झालाय, रस्त्यावर कसली कुरकुर नाही, आणि पाण्यात उतरवला की अर्ध्या तासात फळ्यांखाली, म्हणजे तळाच्या बिल्जमध्ये, पाणी डुचमळायला लागतं. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय आणि इतक्यांदा स्वतः पाठीवर झोपून निस्तरलीय की आता समोरचा बोलायला लागला की मी आधी एकच विचारतो, पाणी येत होतं तेव्हा पंप चालू होता का? उत्तर नेहमी हो असतं. आणि गडबड तिथंच असते.

डकचा मूळ पंप दणकट आहे. दोन इंचांचं भोक पडलं तरी गाडी तरंगत ठेवता येईल अशा हिशोबानं ती पंपाची सिस्टीम बनवलेली. म्हणजे काय, की तुमच्या तळाला चांगलं भलं भोक असेल आणि पंप नीट चालत असेल तर तुम्हाला कळणारच नाही, तुम्ही म्हणणार थोडंसं येतंय, जुनी गाडी आहे, चालायचंच. आणि मग एक दिवस पंप बसतो. वर आणखी मजा अशी की मूळ पंप प्रॉपेलरच्या शाफ्टवरून चालतात, वेगळी मोटर नाही. प्रॉपेलरमध्ये दोरी अडकली, इंजिन बंद पडलं, किंवा नुसता प्रॉपेलरचा ड्राइव्ह काढला, की पंप पण गेला. नेमक्या ज्या वेळी पाहिजे त्या वेळी नाही.

हे सगळं मी डकबद्दल लिहितोय कारण माझा हात त्याच्यावर बसलाय, पण त्याच काळातल्या पाण्यात चालणाऱ्या दुसऱ्या गाड्या, फोर्ड जीपीए असो नाहीतर फोक्सवॅगनची श्विमवॅगन, बघायचा क्रम बराचसा हाच. आणि ज्यांना गाडी फक्त प्रदर्शनात उभी करायचीय त्यांच्यासाठी हे नाही. ज्यांना ती खरंच पाण्यात न्यायचीय, सामान लादायचंय, पलीकडे जाऊन परत यायचंय, त्यांच्यासाठी आहे.

लक्षणं

पाणी कधी येतं हे नीट बघितलं तर निम्मं काम झालं, म्हणून आधी हे ताडून बघा.

गाडी पाण्यात नुसती उभी आहे, इंजिन बंद, तरी पाणी एकसारखं चढतंय. हे बहुतेक प्लग, ड्रेन व्हॉल्व्ह, नाहीतर तळाचा पत्रा.

उभी असताना काही नाही, प्रॉपेलर लावला की चालू. ग्लँड (प्रॉपेलरचा शाफ्ट बाहेर पडतो तिथलं सील), किंवा पंपाचाच पाइप. (हा दुसरा प्रकार लोकांना पटत नाही, खाली सांगतो.)

गेल्या वेळी ठीक होतं, मधे रस्त्यावर बरीच फिरली आणि आता गळतेय. चाकांकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टवरचे रबरी बूट, म्हणजे लवचिक आवरणं, डोळे झाकून.

शांत पाण्यात कोरडी, लाटा आल्या किंवा जोरात नेली की आत पाणी. हे वरून येतंय, खालून नाही.

पाण्यात न जाता उभ्या उभ्या बिल्ज ओलं होतंय. पाऊस नाहीतर रेडिएटरचं पाणी. बोटाला बुळबुळीत लागलं किंवा हिरवट दिसलं तर कूलंट समजा, पण चव घेऊन बघायचा शहाणपणा करू नका, ते विष असतं.

आणि एक लक्षण लोक वेगळं धरतात पण ते ह्याच घरातलं आहे: ॲक्सलचं ऑइल दुधाळ झालेलं. रस्त्यावरून तापून आलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. सील नवे असले तरी थोडंफार ओढतोच. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी गाडी जरा निवू द्या, आणि पाण्यातून आल्यावर ॲक्सलच्या लेव्हल प्लगमधून थेंबभर ऑइल काढून बघा. दुधाळ असेल तर त्याच आठवड्यात बदला, पुढच्या सीझनला नाही, तोवर बेअरिंगला गंज धरलेला असतो.

पहिली गोष्ट, फुकटची: मोजा

रॅम्पवरून गाडी एवढ्याच पाण्यात न्या की चाकं जेमतेम जमिनीला टेकलेली राहतील. हल, म्हणजे गाडीचं बोटीसारखं कवच, पूर्ण भिजलेला पण बुडायचा प्रश्न नाही, फार तर बसेल. मागून दुसऱ्या गाडीला दोर बांधलेला असू दे. त्याआधी बिल्ज फडक्यानं कोरडंठाक पुसून घ्या, अगदी कोपरे सुद्धा, आणि फळ्या सगळ्या उचलून बाजूला ठेवा. मग इंजिन बंद, पंप बंद, गप्प बसा. अर्धा तास. टॉर्च घ्या, आणि पहिला ओला डाग कुठं पडतो ते बघा, तळ भरल्यावर बघण्यात काही अर्थ नाही कारण डकच्या हलमध्ये वॉटरटाइट कप्पे नाहीत, एकदा पाणी शिरलं की ते सगळीकडे फिरतं. नाकात गळालेलं पाणी शेपटीत सापडतं आणि माणूस शेपटी उघडत बसतो.

जिथं संशय आहे तिथं आतून खडूची पूड भुरभुरवा. ओल आली की पांढऱ्यावर काळी रेघ उमटते आणि ती रेघ बरोबर उगमाकडे नेते. मी महागडे डाय वगैरे आणून बघितलेत, खडूएवढं कशानं दिसत नाही.

दर पाच मिनिटांनी पुढे, मधे, मागे पट्टी बुडवून वहीत लिहा. वही हा शब्द मी मुद्दाम म्हणतोय, डोक्यात ठेवलं तर पुढच्या वेळी आकडा आपोआप कमी आठवतो.

आता थोडा हिशोब, म्हणजे आकड्याची भीती बसेल. पाण्याखाली 60 सेंमीवर 25 मिमीचं भोक असेल तर मिनिटाला साधारण 60 लिटर पाणी आत येतं. दहा मिनिटांत 600 किलो. भोक दुप्पट रुंद, 50 मिमी, तर पाणी चौपट, मिनिटाला 240 लिटर. हे काही मोठं भगदाड नाहीये, एका प्लगएवढं भोक आहे. म्हणून पुढची तपासणी प्लगची.

प्लग आणि ड्रेन व्हॉल्व्ह

डकच्या पोटाखाली ड्रेन तर आहेतच, शिवाय आतली ऑइलं सोडायला ठिकठिकाणी ॲक्सेस प्लग आहेत. सर्व्हिसिंग केलं की हे उघडतात, आणि सर्व्हिसिंग झाल्यावरच नेमकी गळती सुरू होते, हा काही योगायोग नाही.

माझीच गोष्ट. ऑइल बदललं, खालचा प्लग काढून खिशात टाकला, तेवढ्यात फोन आला, बोलत बोलत बाहेर गेलो, परत येऊन बाकीचं सगळं आवरलं. दुसऱ्या दिवशी पाण्यात. पाच-सात मिनिटांत पायाला गार लागायला लागलं, मी पंपाकडे बघतोय, ग्लँडकडे बघतोय, आणि पान्हा काढायला खिशात हात घातला तर हाताला प्लग लागला. कसाबसा रॅम्पपर्यंत आलो. तेव्हापासून एकही प्लग काढला तरी स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं, आणि ते फडकं प्लग बसवल्याशिवाय सोडायचं नाही, मग कोणी का हसेना.

बघायचं काय तर, आटे खाल्लेत का, वॉशर दबून कडक झालाय का, बसायच्या जागेवर रंगाचा थर चढलाय का. शेवटचं फार कॉमन आहे. रिस्टोरेशनमध्ये सगळ्याला छान रंग मारतात आणि वॉशर रंगावर बसतो, दोन वेळा घट्ट केला की रंगाचा पापुद्रा सुटतो आणि खालून झिरपतं. जागा घासून स्वच्छ पत्र्यावर आणा, नवा वॉशर घाला. खर्च काहीच नाही म्हणा ना. जे प्लग तुम्हाला कधीच लागत नाहीत ते कायमचे वेल्ड करून टाकायला हरकत नाही, भोक जितकं कमी तितकं बरं.

वरून येणारं पाणी

हे पटकन उरकतं. गाडी जमिनीवर, एक माणूस आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेरून होज पाइपनं डेकवर, हॅचवर, पुढच्या सर्फ बोर्डच्या (लाट अडवायच्या फळीच्या) बिजागऱ्यांवर पाणी मारतोय. जिथून टपकेल तिथलं रबर बदला. हॅचचं रबर बदलताना जाडी मूळची ठेवा, जाड रबर घातलं की झाकण एका बाजूनं उचललेलं राहतं आणि आधीपेक्षा जास्त गळतं. हलमधून जे जे आरपार जातं, ब्रेकची लाइन, टायरच्या हवेची लाइन, स्टिअरिंगचं लिंकेज, त्या प्रत्येक जागेभोवती पण एकदा पाणी मारून घ्या.

पंपच पाणी आत ओततोय

ही ती गोष्ट जी कोणाला पटत नाही. एका गाडीवर मी दोन दिवस तळ शोधत घालवलेत. उभी असताना टिपूस नाही, प्रॉपेलर लावला की पाणी. ग्लँड उघडला, परत भरला, तेच. शेवटी वैतागून डेकखाली डोकं घातलं तर पंपाचा डिस्चार्ज होज वरच्या बेंडला उभा चिरलेला. पंप बिल्जमधलं पाणी उचलून इमानेइतबारे परत बिल्जमध्ये ओतत होता, थोडं बाहेर, जास्त आत. एक फूट होज आणि दोन क्लिपा.

तर होज हातानं दाबून बघा, विशेषतः बेंडला आणि क्लिपखाली. क्लिप सोडून बघा, वरून छान दिसणाऱ्या होजला क्लिपखाली कापलेलं असतं. मग सक्शनची जाळी. रिस्टोअर केलेल्या गाडीत जाळीत काय सापडतं माहितीय का, गंजाचे पोपडे, रंगाचे सालपट, वेल्डिंगच्या गोळ्या आणि कापसाच्या दोऱ्या. म्हणजे आपलीच घाण. जाळी पाव बंद झाली तरी पंप ओढतो, अर्धी झाली की हवा घ्यायला लागतो. आवाज बदलतो, खरखर ऐकू येते, बाहेरची धार तुटक पडते. सक्शनच्या बाजूला एखादा जॉइंट सैल असेल तरी हेच दिसतं, कारण पंपाला पाण्यापेक्षा हवा ओढणं सोपं. फक्त तिथं पाणी गळताना दिसत नाही, म्हणून जॉइंटला साबणाचा फेस लावून बघा, आत ओढला जातोय का.

इथंच इलेक्ट्रिक पंपाचं पण सांगून टाकतो. स्वतंत्र बॅटरीवरचा इलेक्ट्रिक पंप आणि बिल्ज अलार्म लावा, लावायचाच आहे, मूळ रूप बिघडतं वगैरे मला सांगू नका. पण मूळ डकचं वायरिंग 6 व्होल्टचं आहे आणि बाजारातले बिल्ज पंप 12 किंवा 24 चे, तेव्हा वेगळी बॅटरी आणि वेगळं सर्किट करा. पंपावर छापलेला आकडा सरळ, उंची नसलेल्या पाइपचा असतो. तुमच्या गाडीत ते पाणी डेकपर्यंत चढतंय, दोन बेंड घेतंय, वायर बारीक असेल तर व्होल्टेज पण पडतंय. बादली आणि घड्याळ घेऊन स्वतः मोजा, छापील आकड्याच्या खूपच खाली भरलं तर नवल वाटून घेऊ नका. आणि इंजिन पेट्रोलचं आहे हे विसरू नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जाऊन बसते बिल्जमध्येच. पंप, स्विच, सगळं ठिणगी बाहेर न येणाऱ्या मरीन प्रकारचं घ्या, आणि काहीही चालू करायच्या आधी फळी उचलून नाक लावा.

बूट. इथं थांबा आणि वेळ द्या

सगळ्या पोस्टमधलं एकच काही वाचणार असाल तर हे वाचा.

डकचे ॲक्सल हलच्या बाहेर आहेत, पाण्यात. इंजिन आत. म्हणजे प्रत्येक ड्राइव्ह शाफ्ट कुठून तरी हलमधून बाहेर पडतो आणि चाक वरखाली झालं की तो शाफ्ट पण हलतो, म्हणून तिथं घट्ट सील चालत नाही, लवचिक बूट लागतो. एका टोकाला तो हलच्या हाउसिंगवर क्लॅम्पनं आवळलेला, दुसऱ्या टोकाला शाफ्टच्या बाजूला. बूट फाटला किंवा क्लॅम्प सरकला, की तिथं बोटभर फट नाही तर चांगली गोल रिंग उघडी पडते. वर प्लगच्या भोकाचा हिशोब केला तोच इथं लावा.

1 मे 1999 ला अमेरिकेत आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्सजवळ लेक हॅमिल्टनमध्ये मिस मॅजेस्टिक नावाचा पर्यटकांचा डक बुडाला. आत 21 माणसं होती, 13 गेली. पाणी शिरलं ते मागच्या ड्राइव्ह शाफ्टच्या बुटातून, तो नीट आवळलेला नव्हता. पत्रा शाबूत, इंजिन शाबूत. आणि वर उन्हासाठी लावलेलं छत होतं, गाडी खाली गेली तशी माणसं त्याच्याखाली अडकली. त्यानंतर तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळानं ज्या शिफारशी केल्या त्या घरच्या गाडीला पण जशाच्या तशा लागू पडतात: छत काढा, नको ती भोकं बंद करा, स्वतंत्र वीजेवरचे पंप आणि अलार्म लावा, आणि हलमधली कुठलीही जागा उघडली असेल तर नंतर गाडी पाण्यात उभी करून तपासा, माणसं घ्यायच्या आधी. मी पाण्यात जाताना छत लावत नाही. ऊन लागतं, लागू दे.

बूट तपासायचा तो हातानं. गाडी स्टँडवर, चाकं लोंबती, म्हणजे शाफ्ट जास्तीत जास्त वाकलेला असेल. प्रत्येक घडी दोन अंगठ्यांनी उघडून आत बघायची, कारण भेग घडीच्या तळाशी असते, वरून बूट काळा कुळकुळीत दिसतो. क्लॅम्पखाली नख घालून बघा रबर चिकट झालंय का. ऑइल लागलेलं रबर फुगतं, मऊ होतं आणि क्लॅम्पखालून हळूहळू सटकतं.

आता एक फसवणूक, तीही आपण आपलीच करतो. जुन्या मिलिटरी स्टॉकमधला न वापरलेला बूट मिळाला की लोकांना आनंद होतो, मूळ पार्ट, पॅकिंगमधला. अरे पण ते रबर युद्धाच्या वेळचं आहे. ऐंशी वर्षं डब्यात होतं म्हणून ते नवं होत नाही. मी असा एक बसवला होता, जमिनीवर सुंदर दिसला, पन्नास-साठ किलोमीटर रस्त्यावर फिरून आल्यावर प्रत्येक घडीला केसासारख्या भेगा. धातूचे जुने स्टॉक पार्ट खुशाल घ्या, रबराचं नाव काढू नका. आजचं बनवलेलं रबर घ्या.

बसवताना हाउसिंगची कड गंज काढून गुळगुळीत करा. क्लॅम्प स्टेनलेसचे, प्रत्येक टोकाला दोन, आणि दोघांचे स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना, कारण स्क्रूखाली दाब नेहमी कमीजास्त असतो. बुटाला पीळ पडू देऊ नका. सिलिकॉन फासून भागवू नका, सिलिकॉन लावलेला बूट क्लॅम्पखालून साबणासारखा सरकतो आणि पुढच्या माणसाला खरी गळती दिसत पण नाही. मग गाडी रस्त्यावर वीस-एक किलोमीटर चालवून परत एकदा क्लॅम्प आवळायचे. रबर बसतं, पहिल्या आवळणीत घट्ट वाटलेला क्लॅम्प हमखास अर्धा आटा घेतो. हे दुसऱ्यांदा आवळणं जे टाळतात तेच मला फोन करतात.

ग्लँड

प्रॉपेलरचा शाफ्ट मागे जिथं बाहेर पडतो तिथं स्टफिंग बॉक्स आहे, आत पॅकिंगची दोरी. ज्यांनी कधी पाण्याच्या पंपाची ग्लँड दोरी बदललीय त्यांना हे नवीन नाही. शाफ्ट फिरताना दर काही सेकंदांनी एखादा थेंब पडला पाहिजे, तो थेंबच दोरीला थंड ठेवतो. लोकांना थेंब बघवत नाही म्हणून ते नट आवळत जातात, दोरी करपते, शाफ्टला चर पडते आणि मग तो कितीही आवळा, धारच लागते. शाफ्ट फिरत असताना ग्लँडला हात लावा (कपडे सांभाळून), कोमट चालेल, चटका बसला तर सैल करा.

दोरी बदलायची तर जुनी सगळी काढा, तळाशी एक रिंग हमखास चिकटून राहते. नवी रिंग तिरकी कापा, प्रत्येक रिंगचा जोड आधीच्यापासून फिरवून बसवा म्हणजे जोड एका रेषेत येत नाहीत. शाफ्टवर नख फिरवून बघा, चर नखाला अडकली तर दोरीवर पैसे घालवू नका, शाफ्ट टर्नरकडे न्या. रडरचा दांडा जिथून जातो तिथलाही सील ह्याच वेळी बघून घ्या, परत मागे शिरायला नको.

तळाचा पत्रा

इथवर सगळं ठीक निघालं तरच पत्रा. आणि लोक नेमकी सुरुवात इथून करतात, कारण गंज डोळ्याला दिसतो.

डकच्या हलचा पत्रा मुळातच पातळ, 1.6 ते 3.2 मिमी. 1942 ते 1945 मध्ये एकवीस हजारांवर गाड्या बनल्या त्या युद्धापुरत्या, आपल्या नातवंडांसाठी नाही. पत्रा सडतो तो बहुतेक आतून, चेसिसच्या फ्रेमखाली आणि रिब्जच्या कोपऱ्यात, जिथं चिखल आणि जुनं ऑइल साचून वर्षानुवर्षं ओल राहते. बाहेरून नवा रंग, आतून चाळण. मडकं वाजवून घेतात तसं छोट्या हातोडीनं वाजवत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द बोलतो. जिथं बद्द आवाज आला तिथं स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबा. भोक पडलं म्हणून हळहळू नका, ते होतंच.

बारीक छिद्र शोधायला उलटी युक्ती: गाडी जमिनीवर, आत पाणी भरायचं आणि बाहेरून खाली झोपून बघायचं. पण सांभाळून. एवढ्या मोठ्या तळावर 15 सेंमी पाणी म्हणजे दोन टनांच्या आसपास वजन होतं, आणि गाडीची मालवाहू क्षमताच साधारण 2.3 टन. मी 5-7 सेंमीच्या वर जात नाही, आणि गाडी किंचित उतारावर लावून एका वेळी एकच टोक भरतो.

एखाद-दुसरं छिद्र असेल तर तिथला पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापून नवा तुकडा लावा. वरून पट्टी मारून आत सडका पत्रा तसाच ठेवला की दोन पत्र्यांमधे पाणी धरतं आणि वर्षभरात पट्टी पण जाते. इपॉक्सी, डांबर, फायबर हे रॅम्पपर्यंत परत यायला ठीक, त्याच्या भरवशावर निघायचं नाही.

फोमबद्दल विचारतात म्हणून. रिकाम्या जागेत फोम भरला की गाडी बुडत नाही हे तत्त्वतः खरं. पण फोमच्या मागे ओल दबून राहते, पत्रा दिसत नाही, आणि लंडनमध्ये थेम्सवर सप्टेंबर 2013 मध्ये एका पर्यटकांच्या डकला आग लागली ती बहुधा फिरत्या शाफ्टला घासणाऱ्या, ऑइल लागलेल्या फोमच्या ठोकळ्यांमुळेच. भरायचा असेल तर ठोकळे सुटे, काढता येतील असे, आणि फिरणाऱ्या कशाच्याही जवळ नाही.

इथं हात थांबवा

पंप बंद ठेवून अर्ध्या तासात बादलीभरापेक्षा जास्त पाणी येतंय आणि वरचं सगळं करून झालंय, तर गाडी पाण्यात न्यायची नाही. हा माझा स्वतःचा आकडा आहे, माझ्या गाडीला मी तो लावतो.

हातोडी मारताना एका हातभर जागेत तीन-चार ठिकाणी बद्द आवाज आला, तर तो पॅचचा विषय राहिला नाही. अल्ट्रासॉनिक मीटरनं जाडी मोजणारा माणूस बोलवा, नकाशासारखे आकडे लिहून घ्या, आणि पत्रा बदलायचं काम बोटी बांधणाऱ्या वेल्डरला द्या. गॅरेजमधला वेल्डर कितीही चांगला असला तरी पातळ पत्र्याला लांब शिवण मारताना तो तळ वाकवतो, मी स्वतः वाकवलाय.

पेट्रोल टाकीच्या किंवा लाइनच्या आसपास वेल्डिंग असेल तर स्वतः अजिबात नाही. टाकी रिकामी केली म्हणजे झालं असं नाही, रिकाम्या टाकीतली वाफच भडकते. जुना रंग घासायचा असेल तरी त्यात शिसं असू शकतं, नुसतं फडकं बांधून ग्राइंडर चालवू नका.

फ्रेमला तडा दिसला, किंवा शाफ्टचं हाउसिंगच हलपासून सुटायला लागलंय, तरी तेच.

आणि घरच्यांव्यतिरिक्त कोणालाही, फुकट का होईना, बसवून न्यायचं असेल तर मरीन सर्व्हेअरची, म्हणजे बोटी तपासणाऱ्या माणसाची, तपासणी झाल्याशिवाय नाही. 2018 च्या जुलैमध्ये मिसुरीतल्या टेबल रॉक लेकमध्ये वादळात सापडून डक बुडाला, 17 माणसं गेली. तिथं प्रश्न बुटाचा नव्हता, डकसारखी गाडी पाण्यात किती कमी वर असते आणि एकदा लाट आत आली की किती थोडा वेळ मिळतो ह्याचा होता, आणि तुमच्या गाडीत किती माणसं बसवायची, किती वाऱ्यात परत फिरायचं हे सर्व्हेअरच सांगू शकतो, मी नाही.

सर्व्हेअर आला की त्याला ती मोजणीची वही द्या, कुठला क्लॅम्प कधी बदलला, कुठला प्लग वेल्ड केला, पंप बंद ठेवून पाच-पाच मिनिटांचे आकडे, सगळं. आणि स्टिअरिंगला लाल फडकं असेल तर ते का आहे ते आधी सांगा, एकानं माझ्याकडे शोभेचं समजून सोडलं होतं.